पत्र्यावरची वेल

माळ्यावरचा तो पोर्टफोलिओ मी बावीस वर्षांत उघडला नव्हता. घरं बदलली, भिंतींना दोनदा रंग काढला, एकदा वाळवी लागली तेव्हा सगळं सामान खाली आणून उन्हात टाकलं. तेव्हाही त्याच्या फितीची गाठ मी सोडली नाही. नवऱ्याला वाटायचं, बाईला आपली जुनी चित्रं बघवत नाहीत, कलावंतांचं असतं असं काहीतरी. मी त्याला तसं वाटू दिलं. मग गेल्या महिन्यात सोलापूरहून कॉलेजचा फोन आला. जुन्या विद्यार्थ्यांच्या कामांचं प्रदर्शन भरवताहेत. "मॅडम, तुमची ती 'वेल' घेऊन या की. सर अजून प्रत्येक बॅचला तिच्याबद्दल सांगतात." मी हो म्हटलं, स्टूल घेतलं आणि वर चढले.

फीत सोडली तर आधी छपाईच्या शाईचा वास आला आणि त्याच्या खालून, दबून बसलेला, तेंदूच्या पानाचा. ओलसर, जरा तुरट, तंबाखूशी सोयरीक झालेला. शाळेत मी मुलांना सांगते की चित्रात वास काढता येत नाही, तो बघणाऱ्याने आणायचा असतो. हा मात्र कुणी न आणता आला. मी कागद बाजूला सारायला गेले आणि वर्तमानपत्राची एक छोटी पुडी घसरून पायाच्या अंगठ्यावर पडली. कोपरा नेमका लागला. तिथेच स्टुलावर बसून पुडी उघडली. आत तळहातात मावेल एवढा पत्र्याचा चौकोनी तुकडा होता.

हा पत्रा माझा नाही. हे वाक्य बावीस वर्षांपूर्वी एका बाईसमोर उभं राहून म्हणायला हवं होतं. आता स्टुलावर बसून माळ्याला सांगितलं. करून करून भागली आणि देवपूजेला लागली, असं आई अशा माणसांना म्हणायची.

भवानी पेठेतल्या आमच्या बोळात दिवसभर यंत्रमागांची खटखट चालायची. ती इतकी अंगवळणी पडलेली, की वीज जाऊन माग थांबले की दुपारी झोपलेली माणसं दचकून उठायची. बाबा शाळेत क्लार्क होते. बोळात मराठी बोलणारी आम्ही दोनच घरं, बाकी सगळी तेलुगू विणकरांची. आमच्या आणि बालामणी अक्काच्या खोलीमध्ये एकच भिंत होती आणि तिच्यात वरच्या बाजूला एक वीट कमी होती. त्या भोकातून आईच्या फोडणीचा ठसका तिकडे जायचा, अक्काच्या चिंचेच्या कच्च्या साराचा आंबट वास इकडे यायचा, आणि दोन्हीकडची भांडणं तर फुकटात ऐकू यायची. आईने बाबांना कितीदा सांगितलं, ती वीट बसवून घ्या म्हणून. बाबांनी बसवली नाही, आणि मला वाटतं आईलाही ती बसवून नको होती.

अक्का बिड्या वळायची. उंबऱ्याला टेकून, पाय पसरून, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. पान घ्यायचं, त्यावर पत्र्याचा तुकडा ठेवायचा, कात्री त्याच्या कडेकडेने फिरवायची, की एक चौकोन सुटून मांडीवर पडायचा. त्या पत्र्याला ती 'माप' म्हणायची. तिच्या आईचं माप होतं ते. कुठल्याशा जाड डब्याच्या बुडाचं, वर्षानुवर्षं बोटं फिरून गुळगुळीत झालेलं. त्याच्या एका कोपऱ्यात कुणीतरी खिळ्याने ओरखडून काढलेली गोल गोल नक्षी होती, वेलीच्या तणाव्यांची असावी तशी. अक्का बघत नसे. पान कापताना ती रस्त्यावरून जाणाऱ्यांशी बोलायची, कोंबडीला हाकलायची, पद्माला रागवायची, आणि कात्री मापाच्या कडेने आपली आपण चालायची.

पानांचे ऋतू होते. उन्हाळ्याच्या शेवटाला नवी पानं यायची, तेव्हा त्यांच्यात अजून हिरवा रंग शिल्लक असायचा आणि बोळात एखादं झाड येऊन बसल्याचा भास व्हायचा. पावसाळ्यात त्यांना बुरशी धरायची. अक्का ती चुलीभोवती मांडून ठेवायची आणि धुराला जंगलाचा वास यायचा, जंगल आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नसलं तरी. थंडीत, गड्ड्याची जत्रा जवळ आली की पान चुरचुरीत होऊन मोडायचं. मग ते आदल्या संध्याकाळीच पाण्यात जायचं आणि सकाळी अक्का एकेक पान झटकून पुसायची. त्या झटकण्याचा फट् फट् असा आवाज हे माझं थंडीतलं घड्याळ होतं. त्यावर मी उठायचे.

बारावीनंतर मी तीन दिवस न जेवता चित्रकलेच्या कॉलेजात प्रवेश मिळवला. पहिल्या वर्षाला 'नेचर स्टडी' होता. आमचे सर उंच, किडकिडीत, सदऱ्याच्या खिशाला कायम शाईचा डाग असलेले. पहिल्याच तासाला म्हणाले, "सगळं तुमच्या भोवती पडलंय. पान, फूल, शेंग, साल, दगड. उचला. निसर्ग कुणाच्या बापाचा नाही." मला ते वाक्य इतकं आवडलं की वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. उचला. मी लगेच सुरुवात केली.

पहिल्या महिन्यात मी काढलेली सगळी पानं बदामासारखी होती, मग ती कडुलिंबाची असोत की वडाची. एकदा उंबऱ्यात बसून पेन्सिल चालवत होते तर अक्काने मान वळवून वहीत बघितलं आणि तंबाखूचे हात पदराला पुसत हसली.

"हे पान न्हाई गं. पानाचा फोटो हाय. ह्याची पाठ कुटं हाय?"

"पाठ?"

"पानाला पोट असतंय आन् पाठ असती की. हितं हात लाव. डोळे मीट आन् लाव."

मी डोळे मिटले. तिने माझं बोट तेंदूच्या पानावरून फिरवलं. एका बाजूने गार, सपाट. दुसऱ्या बाजूने शिरा उठलेल्या, मधली जाड, तिच्यातून फुटलेल्या बारीक, आणि त्याहून बारीक जाळी, जी डोळ्यांना दिसत नव्हती पण बोटाला कळत होती. "आता काढ," ती म्हणाली. मी काढलं. ते माझं पहिलं पान. सरांनी त्यावर लाल पेनाने काही लिहिलं नाही, फक्त कागद बराच वेळ हातात धरला.

मग मला वेडच लागलं. पेन्सिल सुटली, शाई आली. कडुलिंबाच्या काडीचं टोक चावून त्याने शाईच्या रेघा मारल्या. तंबाखू भिजवलेल्या पाण्याचा पिवळट तपकिरी रंग कागदावर पसरून त्यात बाभळी काढल्या. पानांच्या पाठीला पोस्टर कलर फासून ठसे घेतले. कंबर तलावाच्या काठची काळी माती डब्यात भरून आणली आणि तिचे शेंगांचे आकार केले. ते वाळून तडकले तेव्हा सर म्हणाले, तडकू द्या, तसंच ठेवा. पण सगळ्यात जास्त मी अक्काच्या उंबऱ्यातला कचरा वापरला. माप कापून घेतल्यावर उरलेलं पान, मध्ये चौकोनी खिडकी असलेलं. अशी शेकडो पानं. ती एकावर एक चिकटवून मी खिडक्यांची झाडं केली, खिडक्यांचे डोंगर केले. अक्का ती माझ्यासाठी वेगळ्या पिशवीत भरून ठेवायची. "घे गं चित्रवाली, तुझा कचरा," म्हणायची. आता वाटतं, त्या दिवसांत मी अक्काचे हात, तिचं सूप, तिचा कचरा, तिचं बोलणं, सगळ्यालाच निसर्ग समजत होते. उचलायचं आणि चालू लागायचं.

पद्मा अक्काची मुलगी, माझ्याच वयाची. दहावी करून घरी बसली होती आणि आईच्या समोर दुसरं सूप घेऊन बिड्या वळायची. दुपारी तिची सुटका झाली की आम्ही दोघी माझ्या एका सायकलवर कंबर तलावाला जायचो. मी चित्र काढायचे आणि ती शेंगा खात बघायची. बघायला ती माझ्यापेक्षा हुशार होती. "कमळाचं पान काढतीस, मग त्याच्यावरचं पाणी पळतंय ते कुटंय?" असं म्हणायची, आणि मला पान पुन्हा काढावं लागायचं. तिला कॉम्प्युटरच्या क्लासला जायचं होतं. नाक्यावर नवा निघाला होता, काचेच्या दाराचा. अक्काने हो-नाही करत शेवटी कबूल केलं होतं, की दिवाळी झाली की जा.

दिवाळी झाली आणि अक्का म्हणाली, गड्डा होऊ दे. त्या दिवशी पद्माने सूप मांडीवरून फेकलं. वीट नसलेल्या भोकातून आम्ही सगळ्यांनी ऐकलं, आणि बोळानेही ऐकलं. पद्मा रडत ओरडत होती, "एक दिवस तुजं हे माप तळ्यात टाकून येते बघ! मग बस कापत!" आई मला म्हणाली, पोरगी तोंडाची फटकळ आहे, मनाची नाही. ते भांडण शुक्रवारी झालं. हे मला नक्की आठवतं, कारण पुढच्या मंगळवारी मी ते माप उचललं.

दुसऱ्या वर्षाला छपाईचं काम होतं. जस्ताच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, कोरलेल्या रेषा ॲसिडने खोल करायच्या, त्यांत शाई भरायची आणि ओल्या कागदाबरोबर पत्रा दाबयंत्राखालून काढायचा. विषय अर्थातच निसर्ग. माझा पत्रा मी ॲसिडमध्ये विसरले आणि त्याची चाळण झाली. नवा यायला आठवडा लागणार होता, काम द्यायला दोन दिवस उरले होते. सकाळी कॉलेजला निघाले तर अक्का बिड्या द्यायला कारखान्यात गेली होती, पद्मा नळावर होती. उंबऱ्याशी सूप, सुपात माप, आणि त्यावर कोवळं ऊन पडून कोपऱ्यातली ती गोल नक्षी चमकत होती. विचारायला कुणी नव्हतं म्हणून विचारलं नाही, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत आले. नळ पन्नास पावलांवर होता.

संध्याकाळी परत ठेवू, असंच ठरवलं होतं. कॉलेजात सुईने मी त्या कोपऱ्यातल्या नक्षीपासूनच रेष पुढे नेली, तिला पानं फोडली, तणावे काढले, ते पत्र्यावर पसरू दिले. काम इतकं भराभर झालं की मलाच आश्चर्य वाटलं. मग कडा राहिल्या. दाबयंत्रात घालायच्या आधी पत्र्याच्या चारी कडा कानशीने उतरत्या कराव्या लागतात, नाहीतर त्यांची धार कागद फाडते. ते मला येत होतं. आणि कड घासली की माप हे माप राहत नाही, हेही मला कळत होतं. मी कानस हातात घेऊन खिडकीबाहेर बघत उभी राहिले. बाहेर गुलमोहराच्या वाळक्या शेंगा वाजत होत्या. कुणी मला ढकललं नव्हतं, घाई तेवढी होती आणि चित्र चांगलं होणार हे दिसत होतं. मी घासलं. एक बाजू घासली तेव्हा अजून थांबता आलं असतं. चारी घासल्या.

त्या पत्र्याचे मी चोवीस ठसे घेतले आणि एका मोठ्या कागदावर शेजारीशेजारी लावले, चादरीच्या काठावर बुट्टा पुन्हा पुन्हा येतो तसे. खाली पेन्सिलीने 'वेल' असं नाव लिहिलं आणि माझी सही केली. सरांनी चष्मा कपाळावर चढवला. सगळा वर्ग गोळा केला. "हा कोपरा बघा," ते म्हणाले, "ही गोलाई बघा. ही रेष शिकवून येत नाही." ते ज्या कोपऱ्यावर बोट ठेवून होते तो माझा नव्हता. माझे तणावे त्याच्या पुढे नटवे दिसत होते आणि हे मलाही कळत होतं. मी मान खाली घातली. सरांना तो विनय वाटला.

घरी आले तर अक्काची खोली उलटीपालटी केलेली होती. ट्रंक बाहेर, गोधड्या बाहेर, पानांचं फडकं झटकलेलं. अक्का कमरेवर हात ठेवून उभी होती आणि पद्मा चुलीमागे वाकून शोधत होती. "एक्कडा?" अक्का विचारत होती. कुठे? कुठे ठेवलंस? आणि मग तो दुसरा शब्द, जो मी पुढचे कित्येक आठवडे त्या भोकातून ऐकला. "दोरिकिंदा?" सापडलं का? "लेदु," पद्मा म्हणायची. नाही. सकाळी पानं झटकून झाली की, "दोरिकिंदा?" "लेदु." संध्याकाळी दिवा लागला की पुन्हा. पहिले काही दिवस तो खरंच प्रश्न होता. नंतर अक्का तो पद्माला बोचकारायला विचारायची. माप तळ्यात टाकते म्हणालेली मुलगी आणि चार दिवसांत माप गायब. कुणीही तेच समजलं असतं. पद्मा देवीची शपथ घेऊन नाही म्हणाली, तरी अक्काने ऐकलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन ऐकत होते. माझ्या दप्तरात, वर्तमानपत्रात गुंडाळून, माप होतं.

अक्काने पत्रेवाल्याकडून नवं कापून आणलं. त्याच्या कडा तिच्या बोटांना ओळखत नव्हत्या. बिड्या लहानमोठ्या होऊ लागल्या, कारखान्यात तपासणारा त्या बाजूला काढू लागला, आणि अक्का आयुष्यात पहिल्यांदा पान कापताना खाली बघू लागली. रस्त्यावरून जाणाऱ्यांशी बोलणं थांबलं. कॉम्प्युटरच्या क्लासचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

वार्षिक प्रदर्शनात 'वेल'ला पहिलं बक्षीस मिळालं. आईने बोळभर सांगितलं. अक्का हात धुऊन आली, माझ्या तोंडात साखर घातली. बोटांना तंबाखूचा वास होता. "आमच्याच पानाचं काडलीस म्हनं?" तिने विचारलं. मी मान हलवली. तोंडात साखर असल्यामुळे बोलावं लागलं नाही. पद्मा तिच्या मागे दारात उभी होती, तीही हसत होती. तिला माझ्या बक्षिसाचा आनंद झाला होता, आणि ते मला आजही सहन होत नाही.

पद्माचं लग्न उन्हाळ्यात ठरलं, भिवंडीला. स्थळ चांगलं होतं, घरचे माग होते. निघायच्या आदल्या दुपारी ती माझ्या शेजारी पायरीवर येऊन बसली. हातांवर मेंदी होती, तरी सवयीने बोटं काहीतरी वळत होती.

"तुला तर खरं वाटतंय ना?" ती म्हणाली. "मी न्हाई टाकले ते माप."

"मला माहीत आहे," मी म्हणाले.

ती माझ्या गळ्यात पडून रडली. सगळ्या बोळात एकट्या माझा तिच्यावर विश्वास होता, असं तिला वाटलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. त्या तीन शब्दांत खोटं काहीच नव्हतं, आणि मी आयुष्यात त्याहून मोठं खोटं बोलले नाही.

पुढे मी पुण्याला आले, शिकले, शाळेत चित्रकला शिकवायला लागले. मडकी काढते, माणसं काढते, डोंगर काढते. मुलांना चिकणमाती, काड्या, दोरे, काय वाट्टेल ते देते. पान मात्र त्यानंतर काढलं नाही. कुणी विचारलं तर सांगते, माझा तो विषय नाही.

परवा सकाळच्या गाडीने सोलापूरला उतरले. 'वेल' कॉलेजात द्यायची होती, पण रिक्षावाल्याला मी आधी भवानी पेठ सांगितली. बोळात खटखट होती, पण विरळ. दोन मागांच्या मध्ये आता चिमण्या ऐकू येत होत्या. आमच्या खोलीला मोबाईल दुरुस्तीवाला भाडेकरू आहे. मी आत डोकावले, तर वीट बसवलेली होती. "बालामणी अक्का?" तो म्हणाला. "त्या कधीच कुंभारीला गेल्या की. तिकडं घर मिळालं त्यांना."

कुंभारीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, कणसं भरलेली. मग एकसारख्या घरांच्या रांगा सुरू झाल्या आणि प्रत्येक उंबऱ्यात एक सूप, प्रत्येक सुपामागे एक बाई. चार घरं विचारत गेले. अक्का उंबऱ्याला टेकून, पाय पसरून बसली होती. केस पांढरे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मांडीवर सूप होतं, पण त्यात शेंगदाणे होते. छातीमुळे डॉक्टरांनी तंबाखू बंद केली, असं नंतर म्हणाली.

"कोण?"

"अक्का, मी. भवानी पेठेतली. शेजारची."

तिने डोळे बारीक केले. "चित्रवाली?" मग चेहरा एकदम उजळला. "चित्रवाली व्हय गं! क्लार्कसायबांची! ये, हितं बस. केवडी झालीस. दाणे खा."

मी बसले. दाणे घेतले नाहीत. बोलायचं सगळं गाडीत पाठ करून आले होते, त्यातलं एक अक्षर आठवेना. म्हणून पुडी सोडली आणि पत्रा तिच्या हातावर ठेवला.

तिने तो चष्म्याजवळ नेला नाही. अंगठा कडेवरून फिरवला. कानशीने उतरत्या केलेल्या कडेवरून अंगठा घसरला, तेव्हा तिच्या कपाळाला आठी पडली. दुसरी बाजू, तिसरी. मग अंगठा कोपऱ्यात आला आणि थांबला.

"हे मी लिवलेलं हाय," ती म्हणाली.

"लिहिलेलं?"

"माजं नाव." तिने नखाने एकेका गोलावर टेकवत दाखवलं. "बा. ला. म. णि. तीन वर्सं जात हुते साळंला, तेलुगूच्या. नाव लिवाया आलं त्या दिवशी घरात पाटी न्हवती, म्हनून खिळा घेऊन अम्माच्या मापावर लिवलं. लई मारलं अम्मानं." ती हसली. "मग सूप आलं मांडीवर. तेवडंच लिवाया येतंय मला, अजून."

मी त्या कोपऱ्याकडे बघितलं. इतकी वर्षं मला तिथे वेल दिसत होती. मला तेलुगू वाचता येत नाही, आणि जे वाचता येत नाही त्याला मी नक्षी समजले होते. त्या अक्षरांना मी पानं फोडली होती.

'वेल' गुंडाळून आणलेली पुठ्ठ्याची नळी उघडून मी चित्र तिच्या समोर पसरलं. ती वाकली, नाक कागदाला लागेल इतकी. चोवीस चौकोनांवरून बोट सरकत सरकत गेलं.

"सगळं उलटं आलंय की गं."

"छापलं की उलटं येतं, अक्का."

बोट खाली आलं आणि माझ्या सहीवर टेकलं. "आन् हे?"

"ते माझं नाव."

"हे सुलटं हाय," ती म्हणाली.

मग मी सांगितलं. सूप, कोवळं ऊन, पन्नास पावलांवरचा नळ, कानस, चारी कडा, दप्तर. साखर. पायरीवर पद्मा काय म्हणाली आणि मी काय म्हणाले, ते पण. अक्का ऐकत होती आणि तिची बोटं मापाच्या कडेवरून गोल गोल फिरत होती. माझं संपल्यावर तिने सूप मांडीवरून खाली ठेवलं. समोरच्या उंबऱ्यातल्या बाईची कात्री ऐकू येत होती.

"पद्मा लई येत न्हाई," ती म्हणाली. "सणाला येती. जेवती, भांडी घासती, जाती. एकदा म्हनली, अम्मा, तू माज्यापेक्षा पत्र्याला जास्त मानलीस. मी म्हनले, तूच टाकलीस की. तवापासून आमी त्यावर बोललो न्हाई."

"अक्का, मला माफ—"

तिने हात वर केला. "मला नगो सांगू."

आतल्या पडद्यामागून तिने फोन आणला, बटणांचा, आणि माझ्या हातात दिला. "मला आकडे दिसत न्हाईत. दोन नंबर दाब, तिचा हाय." मी दोन दाबला. वाजायला लागल्यावर तिने फोन माझ्याकडून घेतला आणि कानाला लावला. दुसऱ्या हातात माप घट्ट धरलेलं होतं.

"अम्मा?" पलीकडून आवाज आला. बावीस वर्षांनी ऐकत होते, पण तो बदलला नव्हता. मागे माग चालल्याची खटखट होती.

अक्काने एकच शब्द उच्चारला.

"दोरिकिंदि."

सापडलं. पलीकडची खटखट थांबली, बहुतेक कुणीतरी माग बंद केला, आणि पद्माने अगदी हळू विचारलं, "एक्कडा?"

कुठे. या शब्दाचा अर्थ मला तेव्हापासून माहीत आहे. अक्काने फोन माझ्या हातात दिला.